कलमाला आवर कसा घालावा?

मे महिना अर्ध्यावर आला की या सदराकडे येणारी पत्रं दोनच प्रकारची असतात. रोप वाढत नाही, नाहीतर रोप नको तेवढं वाढलं. या खेपेला दुसऱ्या प्रकारची जास्त आहेत. त्यातल्या पहिल्या पत्राला मी निम्मी जागा देऊन टाकली आहे. इतरांनी राग मानू नये, त्यांच्याही उत्तराचा बराचसा भाग तिथेच आहे.

प्रश्न : वाळपईजवळ आम्ही दोघा भावांनी गेल्या पावसाळ्यात रोपवाटिका सुरू केली. मानकुराद आंब्याची चारेकशे कोय कलमं हिरव्या जाळीखाली आहेत. ती साडेतीन फुटांपर्यंत गेली, पण काडी बारीक. आधाराची काठी काढली की आडवी होतात. औषधवाला म्हणतो, पिशवीत थोडं थोडं कल्टार घाला, वाढ थांबेल. घालावं का?

नको. बाटलीचं बूचही उघडू नका.

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. झाडात जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, त्याने पेरं लांबतात. हे औषध जिबरेलिन तयार होण्याच्या वाटेतच अडथळा घालतं. मग पेरं आखूड राहतात, पालवी कमी येते आणि झाड मोहराकडे वळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती हापूसच्या दहा वर्षांपुढच्या, अंगाने भरलेल्या झाडासाठी. फांद्यांच्या घेराचा व्यास मोजायचा, दर मीटरला 3 मिली धरायचं, आणि 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान खोड व घेराची कड यांच्या मध्यावर गोलाकार भोकं पाडून पाण्यातून ओतायचं. एवढ्या मोठ्या झाडाच्या मुळाशी ते विखुरलं जातं. तुमच्या सहा बाय आठ इंची पिशवीत माती किती? दीड-दोन किलो. तिथे मात्रा मोजणार कशी, आणि जास्त झालं तर काढणार कुठून? ते मातीत लवकर विरत नाही. शेंड्याला पानं एकावर एक चिकटून बसतात, आणि गिऱ्हाइकाने नेऊन खड्ड्यात लावलं तरी कलम जागचं हलत नाही. तुमचं नाव मात्र सगळ्या सत्तरीत फिरतं.

आता कलमं शेलाटी का झाली ते बघू. जाळीचा काळोख हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही आणि मी न बघताच सांगतो : पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या असणार. पानातून गाळून आलेला उजेड वेगळा असतो. त्यातला लाल भाग वरच्या पानांनी शोषलेला असतो आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा भाग उरतो. रोपाला तो फरक कळतो. शेजारी दाटी आहे म्हटल्यावर ते जाडी सोडून उंचीच्या मागे लागतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मागचा माणूस टाचा उंचावतो तसं. सगळीच उंचावली की पुन्हा सगळ्यांना काळोख.

त्यात काठी. काठीला कलम तीन ठिकाणी घट्ट बांधलं की ते वाऱ्याला हलत नाही, आणि न हलणारं खोड जाड होत नाही. वाऱ्याने रोज थोडं वाकणाऱ्या खोडाची उंची कमी राहते, बुंधा भरतो. काठी हवी असेल तर जोडाच्या थोडी वर एक सैल गाठ पुरे. आणि चिमूटभर युरिया? घालत असाल तर आजपासून बंद. युरियाने पानं काळीभोर दिसतात, गिऱ्हाईक खूश होतं, आणि काडी आणखी मऊ होते.

आज हातात चारशे कलमं आहेत त्यांचं काय, ते सांगतो. पहिल्यांदा पिशव्या लांब लांब मांडा, पान पानाला लागणार नाही एवढ्या. जागा नसेल तर निम्मी कलमं दुसरीकडे हलवा. जाळी एकदम ओढून काढू नका, मेच्या उन्हात सावलीतली पानं भाजतात. आधी सकाळचं ऊन द्या, दुपारची जाळी राहू दे. मग ढग यायला लागले की पूर्ण उघडी करा.

नंतर शेंडा. एक कलम हातात घ्या आणि शेंड्यापासून बोट खाली सरकवत आणा. आंबा सारखा वाढत नाही, पालवीच्या टप्प्यांनी वाढतो. प्रत्येक टप्प्याच्या टोकाला पानं गुच्छाने दाटलेली असतात, त्याच्याखाली काडी बरीच मोकळी, पानं विरळ, आणि मग मागच्या पालवीचा गुच्छ लागतो. तिथे बोटाला काडी किंचित फुगल्यासारखी लागते. गुच्छाच्या लगेच वर कापलंत तर तिथले सगळे डोळे एकदम फुटतात, एकाच गाठीतून सात-आठ काड्या निघतात आणि पुढे फळांच्या भाराने ती गाठच फाटते. गुच्छाच्या खाली, मोकळ्या काडीवर कापलंत तर फुटी कमी येतात आणि वरखाली येतात. जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर असा मोकळा भाग शोधा, धारदार कात्रीने तिरका काप घ्या, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. फुटी बोटभर झाल्या की तीन वेगवेगळ्या दिशांच्या ठेवा आणि बाकीच्या नखाने खुडा. शेंड्याकडून खाली उतरणारं ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते दडपण गेलं. कल्टारवाल्याला जे हवं होतं ते कात्री फुकटात करते.

एक अट आहे. शेवटची पालवी पक्की, गर्द हिरवी झालेली असेल तरच कापा. पानं तांबूस आणि लुळी असतील तर थांबा. आणि पाऊस अगदी उंबऱ्यावर आला असेल तर मुळीच कापू नका. भर पावसात निघालेल्या कोवळ्या पालवीवर करपा येतो, आणि पानं कापणारा सोंड्या किडा तिच्याच वाटेवर बसलेला असतो. सकाळी पिशव्यांच्या मध्ये कोवळी पानं कात्रीने कापल्यासारखी सरळ रेषेत तुटून पडलेली दिसली की समजा, तो आला. ती पानं गोळा करून जाळा, कारण त्यांच्यात अंडी असतात. तेव्हा जी कलमं कापायची राहतील ती तशीच विका आणि गिऱ्हाइकाला सांगा, गणेशचवथ झाली, पाऊस उणावला की शेंडा काढ.

कापता कापता जोडही बघून घ्या. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिलेली असेल तर ब्लेडने उभी चिरून काढा. ती रुतली की वर खोड फुगतं, खाली बारीक राहतं, आणि वाऱ्याला कलम नेमकं तिथेच मोडतं. जोडाच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रायवळ (गावठी) आंब्याच्या रोपावर काडी बांधली त्याची आहे. ती मुळापासून खुडा. नाहीतर सहा वर्षांनी कुणीतरी तुमच्या दारात येऊन विचारील, मानकुराद म्हणून दिलेल्या झाडाला हे तंतूवाले आंबे कसे लागले?

2023 मध्ये मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळालं, आता ज्याच्या त्याच्या भाटात, म्हणजे बागेत, मानकुराद हवा आहे. चांगलं आहे. पण कलम विकत घेताना माणूस अजून उंचीच मोजतो, त्यामुळे रोपवाटिकावालाही उंची पिकवतो. तुम्ही नव्याने धंद्यात पडला आहात म्हणून सांगतो : दोन फुटी, करंगळीएवढ्या जाड बुंध्याच्या कलमांची एक वेगळी रांग लावा आणि तिची किंमत साडेतीन फुटीपेक्षा जास्त सांगा. लोक का म्हणून विचारतीलच.

प्रश्न : मी म्हापशाची. बाजारातून मोठ्या पिशवीतलं आंब्याचं कलम आणलं, माझ्या खांद्याला लागतं. त्याला दोन आंबेही आहेत, म्हणून तर घेतलं! पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आली आहेत. मिरगाला परसात लावणार आहे. आंबे पिकेपर्यंत ठेवू का?

ताई, आंबे काढा. कलमाची काडी मोठ्या झाडावरून आलेली असते, तिचं वय तिच्याबरोबरच येतं. म्हणून पहिल्याच थंडीत वीतभर कलमालाही मोहर येतो. त्यात कौतुक काही नाही, विकणाऱ्यासाठी मात्र ती उत्तम जाहिरात असते. पिशवीतल्या मूठभर मुळांवर दोन आंबे पोसायचे तर नवीन मूळ आणि नवीन फांदी दोन्ही थांबतात. लावल्यावरही पहिली तीन वर्षं मोहर दिसला की खुडायचा. मन घट्ट करून.

माझी खरी काळजी मुळांची आहे. पिशवी उभी चिरा आणि मातीचा गड्डा आडवा धरून तळ बघा. मुळं तळाशी गोल गोल फिरली असतील. ती तशीच लावलीत तर जमिनीतही तशीच फिरत राहतात, जाड होतात आणि एकमेकांना आवळतात. झाड चार-पाच वर्षं हिरवं दिसतं, पण वाढत नाही, आणि एखाद्या वादळात अख्खं कलंडतं. म्हणून तळाचा बोटभर थर धारदार सुरीने सरळ कापून टाका. गड्ड्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत तीन-चार उभे चिरे द्या, अर्धा इंच खोल. फिरणारी मुळं तुटली की तुटल्या जागेतून नवी मुळं बाहेरच्या दिशेने निघतात. मुळं कापली तेवढा वरचा भारही कमी करा. खांद्याएवढं आहे ना, मग वर सांगितल्याप्रमाणे शेंडा उतरवा. मात्र हे दोन्ही पाऊस लागायच्या आत करून घ्या आणि कलम थोडे दिवस सावलीत ठेवून मग लावा.

आपल्याकडच्या जांभ्यात आणखी एक गोष्ट होते. एक मीटरचा खड्डा पहारीने काढला की त्याच्या भिंती गुळगुळीत होतात, आणि मूळ भिंतीला लागून पुन्हा गोलच फिरतं. पिशवी गेली आणि खड्ड्याची पिशवी झाली, एवढंच. खड्डा भरायच्या आधी भिंतींवर कुदळीचे घाव घालून त्या खडबडीत करा.

प्रश्न : आमच्या कुळागराच्या कडेला भिरंडीची (कोकमाची) कलमं लावली. बी लावून आलेली जुनी झाडं सरळसोट, शंकूसारखी आहेत. ही कलमं मात्र जमिनीलगत पसरतात, वर जायचं नावच घेत नाहीत. खत कमी पडलं का? – फोंडा

खताचा संबंध नाही. कलमाला काडी कुठली वापरली यावर हे ठरतं. भिरंडीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात : उभा वाढणारा शेंडा आणि आडव्या बाजूच्या फांद्या. आडव्या फांदीची काडी बांधली की तिचं कलम जन्मभर आडवंच वाढू पाहतं. जायफळाचंही तेच. उभ्या काड्या एका झाडावर थोड्याच मिळतात आणि आडव्या हव्या तेवढ्या, म्हणून घाऊक कलमं बांधणारे कुठल्या काड्या घेतात ते वेगळं सांगायला नको.

आता आहे त्याचं काय करायचं? उंच खांब पुरून त्यातल्या त्यात जोरकस फांदी उभी बांधा आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या दरसाल काढा. जोडाच्या वरून एखादी उभी फूट आलीच तर ती लाखमोलाची समजून सांभाळा, पण ती जोडाखालची, खुंटाची नाही ना, हे आधी तपासा. उपटून मात्र टाकू नका. बियांच्या भिरंडीत साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. तुमची आडवी कलमं मादी झाडावरची असतील तर फळं देतील, आणि शिडी न लावता हाताने काढता येतील. पुढच्या वेळी विकत घेताना एकच प्रश्न विचारा : काडी उभ्या शेंड्याची आहे का? उत्तर देणारा घुटमळला तर दुसरीकडे जा.

प्रश्न : बाणावली नारळाची रोपं रोपवाटिकेत फार उंच झाली. आंब्यासारखा शेंडा खुडला तर चालेल का? – काणकोण

अहो, नका! नारळाला कोंब एकच. तो गेला की नारळ गेला. बाजूने फुटायला त्याच्याकडे दुसरा डोळाच नसतो. उंच झाली ती सावलीमुळे. उजेडात आणा, आणि लावायला निवडताना उंची बघू नका, बुंध्याची जाडी बघा. सगळ्यांच्या आधी उगवलेलं, जास्त पानांचं, आणि ज्याची पानं लवकर चिरली गेली ते रोप उत्तम.

प्रश्न : पर्वरीला घराभोवती जागा कमी आहे. सफरचंदाला म्हणे झाड बुटकंच ठेवणारा खुंट असतो. आंब्याला तसा मिळतो का?

सफरचंदाचं खरं आहे. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्राने निवडलेला एम-9 हा खुंट जगभर वापरतात, त्यावरचं झाड माणसाच्या हाताच्या उंचीत राहतं. तो फांदीपासून वाढवतात, त्यामुळे प्रत्येक खुंट तंतोतंत सारखा. आपल्या आंब्याचा खुंट कोयीचा. रायवळच्या प्रत्येक कोयीत बहुधा एकच गर्भ असतो, संकरातून आलेला, म्हणून प्रत्येक खुंटाचा स्वभाव निराळा. दक्षिणेत वेल्लैकोलंबन नावाच्या जातीचा खुंट वापरून झाड आटोपशीर राहतं असं आढळलं आहे, पण गोव्यात मागितलात तर मिळेल याची खात्री मी देणार नाही.

बुटकीच जात हवी असेल तर आम्रपाली आहे. दशेहरी आणि नीलमचा हा संकर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आणला, अडीच मीटरवरही लावतात. चव गोड आहे, पण मानकुराद खाल्लेल्या तोंडाला ती पटेल का, ते घरातल्यांना विचारून ठरवा. मानकुरादच हवा असेल तर कात्री हाच खुंट. फळं उतरली की जूनच्या आधी दरवर्षी थोडी छाटणी, मोठ्या झाडाचा एकदम शिरच्छेद नाही.

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमच्या वरकस जमिनीसाठी काजूची कलमं आणली, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. कुंपणाचं काम रखडलं, शंभरेक कलमं यंदा लागत नाहीत. पुढच्या जूनपर्यंत पिशवीतच रोखून कशी धरू?

रोखून धरायला काजूइतकं नाठाळ झाड नाही. सोटमूळ घाईचं आणि ठिसूळ. पिशवी मातीवर ठेवलीत तर दोन महिन्यांत तळ फोडून खाली जातं, आणि पुढच्या जूनमध्ये उचलताना तटकन तुटतं. वर पानं हिरवी, खाली मूळ नाही, मग आठवड्यात कलम माना टाकतं. म्हणून आधी विचारतो : शेजाऱ्याला देऊन पुढच्या वर्षी तेवढीच ताजी घेता येतील का? जमत असेल तर तेच करा.

नसेल जमत, तर पावसाळा सरायच्या आत मोठ्या पिशवीत बदला. बदलताना तळाची फिरलेली मुळं कापा. पिशव्या चिऱ्यांवर किंवा जाड प्लॅस्टिकवर मांडा. चिऱ्यांच्या मधून वारा खेळला तर उत्तम, मुळाचं टोक हवेला लागून सुकतं आणि आतल्या आत बारीक मुळं फुटतात. त्याखेरीज दर महिन्याला प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर बाकीचं सगळं वाया. एखादी पिशवी उचलताना अडली तर हिसका देऊ नका. तळाशी सुरी घालून मूळ साफ कापा आणि ते कलम पंधरवडाभर सावलीत ठेवा.

जागा पूर्ण उन्हाची असू दे. शेणखत, युरिया काही नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस उणावल्यावर, दोन फुटांवर शेंडा काढा. त्यानंतर येणाऱ्या कोवळ्या पालवीवर ढेकण्या किडा बसतो. तो रस शोषतो तिथे काळपट चट्टे पडतात आणि शेंडा वाळतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा फेरी मारा. डिसेंबरनंतर मोहर दिसला की खुडा. पाणी तोडून वाढ थांबवायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका, मोठी पिशवीसुद्धा मार्चच्या उन्हात अर्ध्या दिवसात तापते. थोडं कमी द्या, पण रोज द्या.

मेअखेरीला शंभरातली सगळी लावायच्या लायकीची राहणार नाहीत हे धरून चला. जोडाजवळ फुगलेली, तिरकी, पानं पिवळट पडलेली कलमं बाजूला काढा आणि तेवढी ताजी आणायचे पैसे आत्ताच कुंपणाच्या खर्चात धरा.